पोटाखालचा पत्रा

मुरुडला कशाला गेला होतात, असं कुणी विचारलं की मी "किल्ला बघायला" असं सांगत असे. किल्ला मी पाहिलाही, पण जाता जाता, ट्रकच्या खिडकीतून, आणि तोही निम्मा माडांच्या आड. खरं कारण सांगायची मला मनाई होती. आता ती गाडी जुनी झाली, तिच्याहून भारी गाड्या आल्या, तेव्हा लिहायला हरकत नसावी. शिवाय हे गुपित खोपोलीपासून आगरदांड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. न सांगणारा मी एकटाच उरलो होतो.

चीनच्या लढाईनंतरची ती वर्षं. शिपायांना गोळ्यांच्या वर्षावातून सुखरूप नेऊन उतरवणारी, वाटेत नदी लागली तर पोहून जाणारी चिलखती गाडी आपली आपणच बनवायची, असं वरती ठरलं आणि तिचे नकाशे काढायचं काम पुण्यातल्या आमच्या कचेरीकडे आलं. मी अकोल्याकडचा. आमच्या गावची नदी उन्हाळ्यात नदी राहतच नाही, लोक तिच्या पात्रात कलिंगड-खरबुजांची डांगरवाडी लावतात. पोहणं मला येत नाही. तरंगणाऱ्या गाडीसाठी सरकारने मला नेमलं, यावरून सरकारचा माझ्यावर किती विश्वास होता ते दिसेल.

गाडी कागदावर आली तेव्हा अगदी सडपातळ होती. मग समिती बसली. पत्रा जाड करा, गोळी अडली पाहिजे, असं एकजण म्हणाले. जाड केला. वजन वाढलं म्हणून इंजिन मोठं घेतलं. इंजिन मोठं म्हणून त्याला खोली मोठी, खोली मोठी म्हणून ती झाकायला पत्रा आणखी, आणि पत्रा आणखी म्हणून वजन परत वाढलं. आमची ही माहेरी निघाली की असंच होतं. फराळासाठी ट्रंक घेते, ट्रंकेसाठी हमाल करते, आणि हमाल केलाच आहे तर म्हणून लोणच्याची बरणी. दुसरे एकजण म्हणाले, शिपाई दोन जास्त बसले पाहिजेत. तिसऱ्यांना वर मशीनगन हवी होती. आणि एवढं सगळं अंगावर घेऊन तिने पोहावं, असा सगळ्यांचाच आग्रह होता. हलकी केली तर गोळी आत येणार, जड केली तर पाणी आत येणार. यातलं काय आत यायला हवं, एवढंच ठरवणं आमच्या हाती होतं.

त्या गाडीत माझा म्हणावा असा भाग एकच, चालकाच्या बसण्याखालचा पत्रा. गाडी सुरुंगावर गेली तर पहिला दणका चालकाच्या पायाशी बसतो. तिथे मी गाडीच्या पोटाला आणखी एक जाड पत्रा लावून घेतला होता. चार-पाच धट्टीकट्टी माणसं बसावीत एवढं त्याचं वजन. समितीत प्रत्येक गोष्टीला कुणी ना कुणी वाली होता. गनला होता, इंजिनला होता, रेडिओला तर दोन होते. पोटाखालचा पत्रा दिसत नाही, त्यातून आवाज निघत नाही, आणि चालक समितीवर नसतो. त्यामुळे वजन कमी करायचा विषय निघाला की सगळ्यांची नजर वाकून तिथेच जायची.

त्याला मी सोडून दुसरा वाली म्हणजे हवालदार शिंगटे. गाडीचा चालक तोच होता. साताऱ्याकडचा, कृष्णाकाठचा, रुंद हाडाचा, मिशांना पीळ देणारा. पुढच्या वर्षी पेन्शनीत जायचा होता, पण त्याआधी जमादारीची शिफारस वर गेली होती आणि चाचणी नीट पार पडली की ती मिळाल्यातच जमा होती. काश्मीरच्या लढाईत त्याला गाडी शिकवणारे उस्ताद सुरुंगावर गेले. मागच्या गाडीतून त्याने ते पाहिलं होतं. "उस्ताद वाचले सायेब," एवढंच त्याने मला सांगितलं होतं, "पर कमरंपातूर." तेव्हापासून माझा पत्रा हा आमच्या दोघांचा होता.

रोह्याच्या अलीकडे

गाडी ताडपत्रीत गुंडाळून एका अजस्र ट्रेलरवर ठेवली होती. आत काय आहे हे कळू नये म्हणून ताडपत्री, आणि ताडपत्री आहे म्हणून प्रत्येक गावात गर्दी. पेणच्या लोकांच्या मते ती सिनेमाची होती, नागोठण्याच्या लोकांच्या मते साखर कारखान्याचा बॉयलर. चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्याने मात्र माझ्या कानाशी येऊन "रणगाडा ना?" असं हळूच विचारलं आणि मी काही बोलायच्या आत "नका सांगू, नका सांगू, गुप्त असंल" म्हणून मलाच दटावलं.

मोहिमेचे प्रमुख मेजर सोंधी जीपमधून पुढे होते. उंच, गोरेपान, जालंधरचे. पत्रा कितीही जाड केला तरी त्यांना तो पापड वाटे. मला ते "ड्रॉइंगवाले" म्हणत.

रोह्याच्या अलीकडे एका ओढ्यावर जुना दगडी पूल लागला. पुलाच्या तोंडाशी वजनाची पाटी, आणि पाटीशेजारी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर, डोक्यावर टोपी आणि हातात छत्री.

"एकूण वजन काय?" त्याने विचारलं.

"सांगता येणार नाही," मी म्हणालो. "गुप्त आहे."

"मला नका सांगू. पण साहेब, पुलाला तर कळेलच ना?"

मेजरसाहेबांना हे मी हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी पुलाकडे, ओव्हरसियरकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. त्या शेवटच्या पाहण्यात गाडीच्या सगळ्या वजनाचा जाब होता. रिकामा ट्रेलर पुलावरून न्यायचा आणि गाडी तिच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांवर ओढ्यातून, असं ठरलं. मग ताडपत्री काढावी लागली, आणि बॉयलर, सिनेमा वगैरे सगळ्या शंका एकदम फिटल्या. ओढा तिने झकास ओलांडला. पलीकडच्या भातखाचरात वालाचं पीक काढून झालं होतं म्हणून बरं, कारण खाचराचा बांध तिने सपाट केला.

शेतकरी बांधावर, म्हणजे बांध होता तिथे, येऊन उभा राहिला. मी माफीची तयारी करू लागलो. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि शिंगट्याला म्हणाला, "नांगरते का?"

"न्हाय. नुसती तुडवती."

"आमचा रेडा पन तसाच हाय," तो म्हणाला, आणि घरच्यांना हाक मारून बांध घालायला लागला. आमच्या ट्रकमधले जवानही फावडी घेऊन उतरले. संध्याकाळी त्याच खाचरात त्यांनी आम्हाला पोपटी खाऊ घातली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा एक थेंब नाही. हंगाम सरत आला होता, शेंगा थोड्या जून होत्या, तरी मी इतक्या खाल्ल्या की मेजरसाहेबांनी गाडीच्या वजनाच्या हिशेबात मला वेगळं धरावं असं सुचवलं. आमच्याकडे हुरडा असतो, त्याची मिजास मी बरीच वर्षं मिरवली आहे. त्या दिवसापासून जरा जपून मिरवतो.

आगरदांडा

रोह्यावरून डोंगर उतरून मुरुड, आणि मुरुडच्या पुढे खाडीच्या तोंडाशी आगरदांडा. समोर पाण्यापलीकडे दिघी. मधून होड्या माणसं, कोंबड्या, गवताचे भारे आणि एखादी नवरीसुद्धा ने-आण करतात. मी समुद्र पहिल्यांदा इथे पाहिला. लोक सांगतात की समुद्र पाहून मन विशाल होतं. माझं मन लहान झालं. एवढं पाणी, आणि मी त्यात पत्र्याची पेटी सोडायला आलो होतो.

धक्क्याच्या बाजूला उताराची जागा चाचणीसाठी ठरली. शेजारीच कोळ्यांचा पाडा. पाड्यात धर्मा नाखवा हे मोठं प्रस्थ, आणि धर्मा नाखव्याच्या घरात त्याची बायको चांगुणाबाई हे त्याहून मोठं. आम्ही आलो त्याच दिवशी ती धक्क्यावर आली, कमरेवर हात ठेवून गाडी पाहिली आणि थेट मेजरसाहेबांनाच विचारलं, "यी गारी पान्यान जानार?"

मी भाषांतर केलं. मेजरसाहेबांनी गुप्ततेचा विचार करून मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

"पान्यान जानार त मंग ती गारी कशी? होरी हाय," चांगुणाबाईने निकाल दिला. "तू जेवाला ये घरा. समद्यांना घेऊन ये."

मेजरसाहेबांना कुणी तू म्हटल्याला बरीच वर्षं झाली असावीत. हिच्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालाही, असं मी सांगितल्यावर ते खूश झाले आणि सबंध पलटण जेवायला गेली. तांदळाची पांढरीशुभ्र, तळहाताहून मोठी भाकरी आणि कोलंबीचं कालवण. मी मासे खात नाही असं म्हटल्यावर चांगुणाबाईने मला काही आजार आहे का ते विचारलं, आणि मला सुकट वाढली. सुकट म्हणजे मासा नव्हे, ती तोंडी लावायला असते, असं तिचं म्हणणं पडलं. मी खाल्ली. घरी हे अजून सांगितलेलं नाही.

पुढचे काही दिवस जवानांना पाड्यातल्या एकाही घराने उपाशी सोडलं नाही. शत्रूशी लढणारी पोरं, आपल्या खाडीत होडी घेऊन आलेली, तेव्हा ती आपलीच. आमच्याकडे पाहुण्याला आधी बसवतात, मग गाव-नाव विचारतात, मग पाणी देतात. इथे आधी ताट येत होतं आणि नाव जेवण झाल्यावर, तेही आठवलं तर.

शिमगा

चाचणीचा दिवस समितीने पुण्यात बसून, भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून ठरवला होता. कोष्टकात होळी नसते. त्यामुळे तो नेमका शिमग्याचा निघाला. आमच्याकडे या दिवसात पोरं शेणाच्या भोकाच्या गोवऱ्यांच्या, म्हणजे चाकोल्यांच्या, माळा करतात. इथे होड्या नटल्या होत्या. पताका, झेंडूच्या माळा, पुढच्या टोकाला, नाळेवर, हळदकुंकू. बायकांच्या अंबाड्यांत फुलं मावत नव्हती.

त्या सकाळी मी मेजरसाहेबांबरोबर मुरुडला, समितीच्या अध्यक्षांना आणि सभासदांना आणायला गेलो होतो. अध्यक्ष ब्रिगेडियरसाहेब आणि बाकीचे रात्रीच डाकबंगल्यात उतरले होते. आम्ही परतलो तेव्हा जवान गाडीत चढून बसले होते, इंजिन सुरू होतं, आणि गाडीच्या तोंडावर कुंकवाची पाच बोटं उठली होती. मेजरसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण कुंकवाला वजन नसतं, म्हणून मी काही बोललो नाही.

शिंगटे चालकाच्या झरोक्यातून डोकं काढून बसला होता. त्याच्याही कपाळाला कुंकू. त्याने सलाम ठोकला आणि गाडी उतारावरून पाण्याकडे निघाली. पाडा टाळ्या वाजवत होता, धर्मा नाखव्याची होडी सोबत म्हणून पाण्यात उभी होती.

गाडी पाण्यात शिरली आणि तरंगली. खरोखर तरंगली. मग तिने हळूच मान खाली घातली, म्हणजे नव्या सुनेने घालावी तशी, आणि ती वर काढलीच नाही. नाकावरून पाणी आलं, झरोक्यापर्यंत आलं, झरोक्यात गेलं. मागच्या दारातून आणि वरच्या झाकणातून जवान भराभरा बाहेर पडले. धर्मा नाखव्याने होडी अशी काही फिरवली की त्यातल्या निम्म्यांचे पायही पुरते भिजले नाहीत. शिंगटे मात्र दिसेना. मी काठावर गुडघाभर पाण्यात शिरून त्याचं नाव घेऊन ओरडत होतो. तेवढ्यात झरोक्यातून एक नारळ वर आला.

त्याच्यामागून दुसरा आला. मग तीन-चार एकदम. आणि त्यांच्यामधून, शेंडीच्या नारळांसारखंच, शिंगट्याचं डोकं.

गाडी उथळ पाण्यात चिखलावर बसली. तिच्यातून नारळ बाहेर येणं थांबेना. जिच्यासाठी एवढी वर्षं खपलो ती गाडी बुडाली होती आणि सबंध खाडीभर नारळ तरंगत होते.

होड्यांच्या शेडमध्ये

दिघीच्या होड्यांची वाट पाहायला धक्क्यावर एक शेड होती. समिती तिथे बसली. चहा आला. समोर खाडी, खाडीत नारळ. ओहोटीबरोबर ते एकेक करून समितीच्या अगदी पुढ्यातून समुद्राकडे चालले होते, आणि समितीतल्या एकालाही ते दिसत नव्हते. ब्रिगेडियरसाहेब टिपणं वाचत होते. मेजर सोंधी चहाच्या कपात पाहत होते. नारळ दिसले असते तर ते आत कसे गेले हे विचारावं लागलं असतं, आणि मग पहारा कुणाचा, परवानगी कुणाची, असं विचारत विचारत ते मेजरसाहेबांपर्यंत पोचलं असतं. गाडीच वाईट निघाली तर कुणालाच त्रास नव्हता, मी सोडून.

"तोंडाशी वजन जास्त आहे," ब्रिगेडियरसाहेब इंग्रजीत म्हणाले. "चालकाखाली एक जादा पत्रा आहे ना? तो काढा."

मी उठून शिंगट्याकडे गेलो. तो शेडच्या मागे ओल्या कपड्यांनी उभा होता. शेजारी चांगुणाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"काय झालं सकाळी?" मी विचारलं.

झालं होतं ते असं. त्या पाड्यात पहिल्यांदा पाण्यात जाणाऱ्या होडीची नाळ कधी रिकामी ठेवत नाहीत. प्रत्येक घरातून शेंडीचा नारळ आणि शेरभर तांदूळ नाळेत ठेवायचा, होडी सुखरूप परत आली की तो सगळ्यांनी वाटून खायचा. गाडी ही होडीच आहे, हे चांगुणाबाईने आधीच ठरवलं होतं. त्यातून ती शत्रूवर जाणारी होडी. म्हणून प्रत्येक घराने दुप्पट दिलं. काहींनी वर सुक्या बोंबलांच्या पाट्या. होडीची नाळ फुगीर असते, भार घेते. आमच्या गाडीच्या नाळेत आधीच इंजिन होतं. चालकाच्या पायापुढे, इंजिनाच्या बाजूला, जिथे म्हणून पोकळी होती तिथे सगळं ठासून भरलं गेलं. जवानांनी पाहिलं, पण ज्यांच्या घरी जेवले त्यांना नाही कोण म्हणणार?

"आणि तुम्ही?" मी शिंगट्याला म्हणालो.

"द्येवाचं व्हतं सायेब. न्हाई कसं म्हनू? वाटलं, काय चार नारळ."

"ते पत्रा काढायला निघालेत."

त्याच्या चेहऱ्यावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. "आपला पत्रा?"

"तोंडाशी जड झाली म्हणतात."

मला त्याच्या मनातलं कळत होतं आणि मी ते बोललोही. नारळांचं त्याने कबूल केलं तर जमादारी गेली. चाचणीच्या गाडीत परवानगीवाचून माल भरणाऱ्याला कोण जमादार करतं? नाही केलं तर पत्रा गेला. मी माझ्या तोंडाने समितीला सांगायला तयार होतो, पण नाव त्याचंच येणार होतं, आणि ते त्याला न विचारता घ्यायचा मला अधिकार नव्हता.

"माझी शपत घाल त्यांना," चांगुणाबाई मला म्हणाली. "दोस माझा हाय. मी सांगतंय."

"तुमी नगा मधी पडू मावशे," शिंगटे म्हणाला. मग मला म्हणाला, "जमादारी माजी येकट्याची हाय सायेब. पत्र्यावर कोन कोन बसंल, कुनाला ठावं?"

त्याने मिशा पुसल्या, टोपी नीट केली आणि तसाच निथळत शेडमध्ये जाऊन ब्रिगेडियरसाहेबांपुढे खाडकन सलाम केला.

"साहब, गाडीमें नारियल थे. मैंने भरने दिये."

ब्रिगेडियरसाहेबांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच खाडीकडे पाहिलं. एकदा दिसायला लागल्यावर नारळ सगळ्यांनाच दिसले. "अरे, कितने हैं!" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

"गिने थे?" ब्रिगेडियरसाहेबांनी विचारलं.

"नहीं साहब. भगवान का गिनते नहीं."

मेजर सोंधी उठून उभे राहिले आणि म्हणाले की पहारा त्यांच्या अखत्यारीत होता, जबाबदारी त्यांची. त्यांच्याबद्दल मी मनात बरंच वाईट बोललो होतो, ते परत घेतलं. तेवढ्यात चांगुणाबाई आत घुसली आणि ब्रिगेडियरसाहेबांना म्हणाली, "त्याला नको बोलूस. आमची रीतच हाय. तुजी होरी रिकामी कशी जाव देवाची?" मी भाषांतर करताना तूचं आप केलं.

ब्रिगेडियरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला हात जोडले. गाडी सुकवून पुन्हा चाचणी घ्यायचा हुकूम दिला. मग शिंगट्याकडे वळून, बऱ्याच हळू आवाजात, शिफारस मागे घ्यावी लागेल असं सांगितलं. शिंगट्याने परत सलाम केला. पहिल्याइतकाच कडक.

चार बोटं

गाडी सुकवायला, तिच्या पोटातला चिखल आणि तांदूळ काढायला दोन दिवस लागले. तांदूळ भिजून फुगले होते. पाड्यातल्या कोंबड्या त्या दिवसांत गाडीभोवतीच मुक्कामाला होत्या.

दुसऱ्यांदा गाडी पाण्यात गेली तेव्हा आत माणसांखेरीज काही नव्हतं. चांगुणाबाईने या वेळी फक्त कुंकू लावलं, तेही मला विचारून. गाडी उतारावरून गेली, तरंगली, खाडीत मोठं वळण घेऊन परत आली. पत्र्यासकट. नाकापाशी पाण्याच्या वर चार बोटं काठ कोरडा राहिला होता. मेजरसाहेबांनी मला उचलून घेतलं. शिंगटे झरोक्यातून माझ्याकडे पाहून हसला, आणि पत्रा वाचला असं आम्हा दोघांनाही वाटलं.

पण आम्ही समितीला ओळखलं नव्हतं. त्याच शेडमध्ये, त्याच बाकांवर ती पुन्हा बसली, आणि आज सगळे खुशीत होते.

"चार बोटं शिल्लक आहेत," एकजण म्हणाले. "मग रेडिओ मोठा घेता येईल."

रेडिओला एक बोट गेलं. गनच्या वाल्याने गोळ्यांच्या जादा पेट्या मागितल्या, त्यांना एक. वाळवंटात जवानांना उकडेल म्हणून पंखा. मी उठून म्हणालो की हे खारं पाणी आहे, ते गाडीला जास्त उचलतं. नदीच्या गोड्या पाण्यात यातलं एक बोट तसंच जाईल. अध्यक्ष म्हणाले की मुद्दा बरोबर आहे, परंतु चाचणी खाडीतच झालेली आहे. पुढच्या चर्चेत मागण्या झाल्या पाच बोटांच्या आणि काठ होता चारच बोटांचा. मग सगळ्यांची नजर हळूहळू वाकली.

मी भांडलो. आयुष्यात वरिष्ठांशी इतकं कधी भांडलो नव्हतो. ज्या पत्र्यासकट गाडी पोहली तोच काढता, ज्याच्यासाठी एका माणसाने आपली बढती घालवली तोच काढता, असं मी म्हणालो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पत्रा काढायचा नाही, असं शेवटी ठरलं. तो ऐच्छिक ठेवायचा. म्हणजे गरजेप्रमाणे बसवायचा आणि एरवी कोठारात ठेवायचा. कोठारातल्या वस्तू लढाईत कधी पोचतात हे त्या शेडमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी गाडीकडे गेलो. ती उताराच्या वर वाळूत उभी होती. शिंगट्याला कसं सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होतो, पण तो खाली उकिडवा बसून फावड्याने पोत्यात वाळू भरत होता. मेजरसाहेबांचा अर्दली बातमी घेऊन आधीच पोचला होता.

पाच-सहा पोती भरून झाली होती. एक त्याने उचललं, झरोक्यातून आत सोडलं आणि आपल्या बसण्याखाली, पायाशी, पाण्यात पुलाचा पाया घालतात तसं दाबून बसवलं. सुरुंगाचा दणका वाळू बराच गिळते. ते मलाही ठाऊक होतं. आणि असली पोती अंथरून तळ भरला की त्याचं वजन माझ्या पत्र्याहून जास्त होणार, हेही.

"हवालदार, ही पोती पत्र्याहून जड होतील," मी म्हणालो.

"व्हतील की. पर तुमच्या कागदावर ही न्हाईत न्हवं?"

"नाहीत."

"मग झालं. कागदावर न्हाई त्ये कोन काडनार? म्होरं जो चालवंल त्येला बी सांगून ठेवनार हाय मी. जाईल तितं वाळू घाल म्हनावं."

"तुम्ही तर वर्षाने पेन्शनीत. तुम्ही या गाडीवर नसणारच."

"मी नसंन," तो म्हणाला. "शीट तितंच ऱ्हातंय की सायेब."

त्याने नवं पोतं घेतलं. ओली वाळू एकट्याने भरताना पोत्याचं तोंड सारखं मिटत होतं. मी कोट काढून गाडीवर टाकला, त्याच्यासमोर बसलो आणि दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड उघडं धरलं.